पेशी 25 वर्षांनी तरुण होतात म्हणे!

‘हायपरबॅरिक ऑक्सिजन घ्या, रोगप्रतिकारक पेशी 25 वर्षांनी तरुण होतात. इस्रायलमध्ये सिद्ध झालंय. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त इम्युनिटी. निव्वळ ऑक्सिजन, साइड इफेक्ट शून्य!’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. हायपरबॅरिक म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली घेतलेला ऑक्सिजन. खाली घरी वापरायच्या फुगवण्याच्या चेंबरची जाहिरात.

‘सिद्ध झालंय’पासून सुरू करू. अभ्यास खरा आहे, 2020चा. चौसष्टीपुढच्या 35 धडधाकट लोकांना तीन महिन्यांत 60 वेळा चेंबरमध्ये बसवलं. दर वेळी दीड तास, हवेच्या दुप्पट दाबाखाली, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. टी, बी आणि एनके या रोगप्रतिकारक पेशींचे टेलोमिअर, म्हणजे वयाबरोबर आखूड होत जाणारी गुणसूत्रांची टोकं, 20 टक्क्यांहून जास्त लांब भरली. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, आणि शेवटचं रक्त कोर्स संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत घेतलेलं. शिवाय तीच पेशी आधी आणि नंतर मोजत नाहीत, नळीत आलेल्यांची सरासरी काढतात. याच अभ्यासात म्हाताऱ्या टी-हेल्पर पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) 37 टक्क्यांनी घटल्या होत्या. वर्गातली चार बुटकी पोरं गैरहजर असली की सरासरी उंची वाढते. उंच कुणीच झालेलं नसतं. इथे तसंच घडलं असं मी म्हणत नाही, पण ती शक्यता उरतेच. आजारपणं कमी झाली का, हे तर तपासलंच नव्हतं.

‘जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त इम्युनिटी.’ निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच 97-98 टक्के भरलेलं असतं. चेंबरमध्ये वाढतो तो प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, विरघळलेला ऑक्सिजन. आणि जवळपास तिप्पट दाबाला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायला काही काळ कमी पडतात. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ते उपयोगी ठरू शकतं. धडधाकट माणसाला त्यात कसली बळकटी?

‘साइड इफेक्ट शून्य’ तर साफ खोटं. जर्मनीतल्या उल्ममध्ये 1990च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा चेंबरमधल्या पहिल्याच सत्रानंतर डीएनएत तूटफूट दिसली. ती लवकर दुरुस्त झाली, आणि पुढच्या सत्रात पुन्हा दिसली नाही, कारण पेशी सावध झाल्या होत्या. म्हणजे हा टॉनिक नव्हे, ताण आहे. कानाला इजा, चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलणं, क्वचित फिट, हे वेगळंच. आगीचा धोकाही आहे: जानेवारी 2025मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात चेंबर पेटून पाच वर्षांचा मुलगा गेला.

राहिली जाहिरात. फुगवायच्या चेंबरमध्ये दाब साधारण 1.3 ॲटमॉस्फिअर, म्हणजे साध्या हवेच्या 1.3 पट असतो. ज्या अभ्यासाचा हवाला दिलाय, त्यात तो 2 होता.