कुठलंही चालतं म्हणे!

पंप-जनरेटरच्या छोट्या एअर-कूल्ड (हवेवर थंड होणाऱ्या) इंजिनात कुठलं ऑइल घालायचं, असं विचारून तर बघा. उत्तर ठरलेलं: "कुठलंही घाला हो, ऑइल ते ऑइल!" का? मग डब्यावर ते ऑइलच्या जाडीचे आकडे (एसएई ३०, १०डब्ल्यू-३० वगैरे) काय शोभेला छापलेत?

अहो, याला रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरवरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या (फिन्स) आणि जेमतेम अर्धा-पाऊण लिटर ऑइल, एवढ्यावरच सगळा संसार! बहुतेकांना ऑइल फिल्टरसुद्धा नसतो. म्हणजे मळ, धातूचा कीस, सगळं त्याच ऑइलात. आणि हे महाशय कारमधून उरलेलं पातळ ५डब्ल्यू-२० ओतून मोकळे! भर उन्हात, फुल लोडवर ते टिकणार कसं?

मॅन्युअलमध्ये तक्ता असतो हो, तापमानानुसार. कडक उन्हाळ्यात एसएई ३०, थंडी-ऊन दोन्ही असेल तर बऱ्याचदा १०डब्ल्यू-३०. पण मॅन्युअल खोक्यासोबत रद्दीत! दुसरे टोकाचे शहाणे "जाड ते चांगलं" म्हणत २०डब्ल्यू-५० घालतात आणि थंडीत दोरी ओढून खांदा उतरवून घेतात. काही थोर मंडळी तर फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येच टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, मिसळतात. वर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) कधी बाहेर काढलेलीच नसते! मग इंजिन जाम झालं की शिव्या कुणाला? कंपनीला!