मुलांची हाडं लवकर जुळतात, म्हणून तर थांबायचं नसतं

गेल्या आठवड्यात आमच्या पुण्यातल्या धायरीच्या सोसायटी ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला, मग भावाने पाठवला, आणि सोमवारी क्लिनिकमध्ये एका आजींनी फोनच माझ्यापुढे धरला, "हे खरंय का गं?" म्हणून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लहान मुलांची हाडं आपोआप जुळतात, प्लॅस्टर आणि ऑपरेशन हा दवाखान्यांचा धंदा आहे, मोडलेलं हाड धरून ठेवायला तारा घातल्या की हाताची वाढ खुंटते, भुलीने मूल मंद होतं, त्यापेक्षा सुश्रुतापासून चालत आलंय तसं हाडवैद्याकडून कामट्या घट्ट बांधून घ्या आणि रोज तेल लावून चोळा. मी ११ वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपी करते, रोज हेच कोपर आणि हीच मनगटं हातात असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, लांब होईल पण वाचा.

आधी "आपोआप जुळतात". यातलं अर्धं खरंय आणि म्हणूनच लोक फसतात. मूल हातावर पडलं की मनगटाजवळ हाड नुसतं चेपतं, पूर्ण तुटत नाही, अशा फ्रॅक्चरला खरंच फार काही लागत नाही. ब्रिटनमध्ये ९६५ मुलांवर यासाठी मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, त्यात नुसतं मऊ बँडेज आणि कडक पट्टा यांत दुखण्याचा फरक पडला नाही. म्हणजे जिथे गरज नाही तिथे कमी करा हे डॉक्टर लोक स्वतःच तपासून सांगतायत. पण आपल्या मुलाचं नुसतं चेपलंय की तुटून सरकलंय हे वरून हात फिरवून कळत नाही, एक्स-रेमध्ये कळतं.

आणि हाड लवकर जुळतं याचा अर्थ वाकडं असलं तर वाकडंच लवकर जुळतं! मोठ्या माणसाला दोन आठवडे उशीर झाला तर अजून काही करता येतं, मुलांमध्ये ग्रोथ प्लेटजवळचं (म्हणजे हाडाच्या टोकाशी जिथून हाड वाढतं त्या कूर्चेच्या थराजवळचं) फ्रॅक्चर असेल तर ७ ते १० दिवसांनंतर ते जोर लावून बसवायला डॉक्टर कचरतात कारण त्या जोरानेच ग्रोथ प्लेट दुखावते. "वाढेल तसं सरळ होईल" हेही सगळीकडे लागू नाही. दंडाच्या हाडाची साधारण ८० टक्के वाढ खांद्याच्या बाजूने होते आणि कोपराच्या बाजूने फक्त २० टक्के, त्यामुळे खांद्याजवळचं वाकडेपण वर्षा-दोन वर्षांत बरंच भरून निघतं पण कोपराजवळचं तसंच राहतं. पीळ पडून जुळलेलं हाड तर वाढून सुटत नाहीच. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा एक तुकडा तुटतो, त्याला सूज कमी असते, मूल दोन दिवसांत खेळायलाही लागतं, सगळे म्हणतात मुका मार होता, आणि तो तुकडा जुळतच नाही. कोपर हळूहळू बाहेर वळत जातं आणि कित्येक वर्षांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर पडायला लागतं. तेव्हा कुणाला आठवतं लहानपणी झाडावरून पडलेलं?

आता कामट्या. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मेसेजमधलं "घट्ट बांधून घ्या" वाचून माझ्या पोटात गोळा आला.

दोन वर्षांपूर्वी एक सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. बागेतल्या मंकी बारवरून हात टेकवून पडला होता, कोपराच्या वरचं हाड मोडलेलं, या वयात हे फ्रॅक्चर फार दिसतं. घरच्यांनी ओळखीच्या एका हाडवैद्याकडे नेलं, त्याने ओढून बसवलं, कामट्या लावून करकचून बांधलं. पोरगं रात्रभर रडलं, बोटं सुजली, निळी पडली, "हाड बसतंय म्हणून दुखतंय" असं सांगून ठेवलं होतं त्यामुळे कुणी सोडलं नाही. माझ्याकडे आला तोपर्यंत पाच महिने झाले होते. त्याचं मनगट खाली वाकवलं की बोटं उघडायची, मनगट सरळ केलं की बोटं आपोआप तळहातात मिटायची. हातात पेन्सिल दिली तर त्याने आधी मनगट खाली टाकलं, बोटं उघडली, पेन्सिल आत सरकवली, मग मनगट उचललं. स्वतःच शोधून काढलं होतं त्याने ते.

याला फोल्कमन कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, जर्मनीतल्या रिचर्ड फॉन फोल्कमन या सर्जनने १८८१ मध्ये लिहून ठेवलंय की घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायू मरतात. आत सूज वाढते, बाहेरून पट्टी सैल होत नाही, दाब वाढत जातो. साधारण ६ तासांत स्नायूचं नुकसान कायमचं व्हायला लागतं, म्हणजे "सकाळी बघू" एवढाही वेळ नसतो. हे दवाखान्यातल्या प्लॅस्टरमध्येही होऊ शकतं, मी लपवत नाही, म्हणूनच सूज असेपर्यंत कच्चं (पूर्ण गोल नाही, एका बाजूने आधार देणारं) प्लॅस्टर घालतात आणि बोटं हलवून बघायला सांगतात. मूल शांत व्हायच्या ऐवजी जास्त कासावीस होतंय, औषध देऊनही दुखणं वाढतंय, तुम्ही बोट हळूच सरळ केलं तरी किंचाळतंय, बोटं थंड किंवा बधिर आहेत, तर पट्टी सैल करा आणि त्याच रात्री निघा. हाड हललं तर परत बसवता येतं.

आणि सुश्रुताचं नाव घेताय तर त्याने काय सांगितलंय तेही बघा की. भग्नचिकित्सेत, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या उपचारांच्या भागात, स्पष्ट लिहिलंय, सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही आणि गच्च बांधलं तर सूज, वेदना आणि त्वचा पिकणं, म्हणून मध्यम बांधावं. मेसेजवाल्याने त्याचंच नाव घेऊन बरोब्बर उलटं सांगितलंय.

चोळण्याबद्दल. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप मुक्या माराला लावा, माझी आईही लावायची. पण ताज्या दुखापतीचं कोपर जोर लावून चोळलं किंवा ओढलं की स्नायूतच हाड तयार होऊ शकतं आणि मग कोपर अडकतं ते अडकतंच. प्लॅस्टर निघाल्यावर कोपर आखडलेलं असतं, ते बघून आई-बाबा घाबरतात, पण बहुतेक मुलांचं खेळता खेळता काही महिन्यांत सुटतं. माझ्याकडे रोज यायची गरज बऱ्याच जणांना नसते हे मीच सांगते. कणीक मळू द्या, दोरीवरचे कपडे काढू द्या, बादलीत पाणी उडवू द्या.

तारांनी वाढ खुंटते? कोपराच्या तारा गुळगुळीत आणि बारीक असतात, ३-४ आठवड्यांत ओपीडीतच काढतात, बहुतेकदा भूलही लागत नाही. वाढ खुंटते ती ग्रोथ प्लेट मुळात दुखावल्याने किंवा तुटलेला तुकडा जागेवर न बसवल्याने. मांडीच्या हाडाला पाच वर्षांच्या आत बहुतेकदा कमरेपासूनचं प्लॅस्टरच असतं, त्यापुढे दहा-अकरापर्यंत लवचिक रॉड, तो ग्रोथ प्लेट टाळून घालतात आणि हाड जुळलं की नंतर काढतात. तो पाय उलट सेंटीमीटरभर जास्तच वाढतो बऱ्याचदा.

भुलीचं म्हणाल तर अगदी तान्ह्या बाळांना तासाभराच्या आतली भूल देऊन ती पाच वर्षांची झाल्यावर तपासली, २०१९ मध्ये निकाल आला, बुद्धीत फरक नव्हता.

राहिला धंदा. खर्चाची भीती खरी आहे, हाडवैद्याकडे लोक अडाणी म्हणून जात नाहीत, दोनशे रुपयांत काम होतं म्हणून जातात, त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. पण मग ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जा, तिथल्या सोशल वर्करला भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. ऑपरेशन सांगितलं आणि पटलं नाही तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, फक्त बोटं थंड पडली असतील तर तिथे दुसरं मत शोधत बसू नका.

त्या सोमवारच्या आजी आल्या होत्या त्या नातीच्या तारा काढल्यावर, पिशवीत नारायण तेलाची बाटली होती. मी बाटली परत पिशवीत ठेवायला सांगितली आणि नातीला म्हटलं, तुझ्या वेणीची रिबीन तूच सोड बघू. पहिल्यांदा हात हनुवटीपाशीच अडला. मग मान वाकडी करून, ओठ दाताखाली धरून तिने टोक पकडलं आणि ओढलं.