‘पंचवीस मिनिटं पायाला कोणी हात लावला नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गंभीर जखमी रुग्ण आल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करावं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ती रागाने लिहिलेली आहे आणि त्या रागाला कारण आहे. त्यामुळे आभार मानून दोन ओळींत विषय मिटवणं मला योग्य वाटत नाही. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो.

तुमच्या धाकट्या भावाला अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं होतं, पाय वाकडा झालेला लांबूनही दिसत होता. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी आधी त्याला नाव विचारलं, मानेला कॉलर लावली, कपडे कापले, एक्स-रे न काढताच छातीत नळी घातली. सीटी स्कॅनची खोली समोर असून तिकडे लगेच नेलं नाही, नेलं ते तासाभराने. ‘सलाईन भराभर सोडा’ म्हणून तुम्ही विनवलंत, कोणी ऐकलं नाही. पायाला स्प्लिंट (मोडलेला पाय सरळ धरणारा आधार) लागली ती पंचवीस मिनिटांनी. भाऊ वाचला, पण आज लंगडतो. तुम्ही लिहिलंय, ‘तुमची ती एबीसीडी म्हणजे पाठ केलेला मंत्र आहे. समोरचा माणूस दिसत नाही, तक्ता दिसतो. आणि वर गोल्डन अवरच्या गोष्टी सांगता.’ (एबीसीडी म्हणजे जखमीला तपासण्याचा ठरलेला क्रम: ए श्वासनलिका, बी श्वास, सी रक्ताभिसरण आणि रक्तस्राव, डी मेंदूची शुद्ध. गोल्डन अवर म्हणजे अपघातानंतरचा पहिला, निर्णायक मानला जाणारा तास.)

आधी पायाचं बोलतो, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे.

मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंबभर रक्त न दिसताही मांडीच्या आत दीड लिटरपर्यंत रक्त साठू शकतं. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त पाचेक लिटर. म्हणजे ती मोडलेली मांडी हा नुसता हाडाचा प्रश्न नव्हता, रक्तस्रावाचा होता. आणि रक्तस्राव क्रमात तिसरा येतो, शेवटी नाही. पाय ताणून सरळ केला, स्प्लिंटमध्ये बसवला की मांडीतली रक्त साठायला मिळणारी जागा कमी होते, हाडाची टोकं स्नायूंना आणखी फाडत नाहीत, दुखणंही कमी होतं. सोबत पावलाची नाडी लागते का, हे आधी आणि नंतर बघायचं. या सगळ्याला दोन माणसं आणि काही मिनिटं पुरतात. एक डॉक्टर छातीशी असताना दुसऱ्याने हे करायला हवं होतं. तिथे किती माणसं हजर होती ते मला ठाऊक नाही, एकटाच डॉक्टर असेल तर हिशेब बदलतो. पण चारपाच जण भोवती असूनही पाय पंचवीस मिनिटं तसाच राहिला असेल, तर तो क्रम पाळल्याचा परिणाम नव्हे, क्रम मोडल्याचा आहे. लंगडण्याचा संबंध त्या उशिराशी आहे की हाड कसं जुळलं याच्याशी, हे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. ते सांगण्याचा आव आणणं तुमच्यावर अन्याय होईल.

आता उरलेल्या गोष्टी, जिथे मी तुमच्याशी सहमत नाही.

नाव विचारण्यात वेळ गेला असं तुम्हाला वाटतं. पण त्या एका प्रश्नाने जेवढं कळतं तेवढं पाच सेकंदांत कुठलंही यंत्र सांगत नाही. जखमी माणसाने स्पष्ट आवाजात नाव सांगितलं, तर त्याची श्वासनलिका मोकळी आहे, बोलण्याइतकी हवा आत-बाहेर होते आहे आणि मेंदूपर्यंत रक्त पोहोचतं आहे. आवाज घोगरा आला, घरघर आली, शब्द तुटले किंवा नावाऐवजी कण्हणं आलं, तर ताबडतोब तिथेच थांबायचं आणि आधी श्वासाचा मार्ग मोकळा करायचा. वाकडा पाय सगळ्यांना दिसतो, म्हणूनच तो धोक्याचा असतो. सगळी खोली त्याच्याकडे बघत राहते आणि तोंडात साचलेल्या रक्ताने माणूस गुदमरतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. क्रम आहे तो नजरेला त्या पायावरून हलवण्यासाठी. आधी काय मारेल ते आधी बघायचं, एवढीच त्यामागची विचारसरणी आहे. बंद श्वासनलिका काही मिनिटांत मारते, छातीत कोंडलेली हवा त्याहून थोड्या जास्त वेळात, रक्तस्राव त्यानंतर.

आणि हा क्रम दगडावर कोरलेला नाही. तुमच्या भावाच्या पायातून रक्ताची चिळकांडी उडत असती, तर श्वासनलिकेच्याही आधी ती दाबून धरायची, थांबत नसेल तर वर टूर्निकेट (रक्त अडवणारा पट्टा) आवळायचं. आता अनेक ठिकाणी ‘ए’च्या आधी हीच पायरी शिकवतात. तेव्हाही कारण तेच, की सगळ्यात लवकर ते मारतं.

छातीतल्या नळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे. तुम्हीच लिहिलंय की नळी घालताना ‘फुस्स’ आवाज आला आणि नर्स म्हणाली, ‘आली हवा.’ त्या वाक्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. फुप्फुसाला भोक पडलं की कधीकधी प्रत्येक श्वासाबरोबर थोडी हवा छातीच्या पोकळीत जाते, पण बाहेर येत नाही. दाब वाढत जातो, त्या बाजूचं फुप्फुस चेपतं, मग हृदय आणि मोठ्या शिरा पलीकडे ढकलल्या जातात. हृदयाकडे परत येणारं रक्तच अडतं आणि बीपी कोसळतं. हे बोटांनी आणि कानांनी ओळखायचं असतं. श्वास जलद, एका बाजूला हवेचा आवाज नाही, ठोकलं तर पोकळ ढोलकीसारखा नाद, मानेच्या शिरा फुगलेल्या (रक्त खूप गेलं असेल तर तेही दिसत नाही). अशा वेळी एक्स-रेची वाट बघितली, तर फोटो हातात येईपर्यंत रुग्ण गेलेला असू शकतो. निदान पक्कं व्हायच्या आधी उपचार करावे लागतात अशा काही जागा वैद्यकशास्त्रात आहेत. ही त्यातली एक. म्हणून आधी सुई किंवा बोट घालून हवा सोडतात, मग नळी. तुमच्या भावाच्या बाबतीत मला वाटतं, त्या मिनिटाने त्याचा जीव वाचवला.

सीटी स्कॅनबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एक तरुण आला. पोटाला आणि कमरेला मार, शुद्धीवर, बोलत होता. वरचं बीपी 100, नाडी 124. मी 100 वर समाधान मानलं. स्कॅन केला की सगळं स्पष्ट होईल असं म्हणून त्याला आत पाठवलं. यंत्रात सरकवल्यावर चार मिनिटांनी त्याची नाडी लागेना. तिथे ना पुरेशी जागा, ना माणसं, ना रक्त. आम्ही त्याला परत आणून पोट उघडेपर्यंत उशीर झाला होता. त्याची आई बाहेर उभी होती. तिला सांगायला मीच गेलो.

त्या दिवशी मी जे वाचलं नाही ते समोर लिहिलेलं होतं. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेला होता. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी फार वेळ धरून ठेवतं. साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत ते आकडा पडू देत नाही, आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. त्याआधी बोलतात त्या इतर खुणा: जलद नाडी, गार पडलेली घामेजलेली बोटं, नखावर दाबल्यावर रंग परत यायला लागणारा उशीर, उगाच वाढलेली अस्वस्थता. बीपी स्थिर नसलेल्या रुग्णाला स्कॅनला न नेता खाटेपाशीच सोनोग्राफीने पोटात आणि हृदयाभोवती रक्त आहे का बघतात, छातीचा आणि कमरेचा एक्स-रे तिथेच काढतात, कमरेचं हाड मोडल्याचा संशय असेल तर पट्टा आवळतात. पोटात रक्त दिसलं आणि बीपी सावरत नसेल, तर पुढचा मुक्काम ऑपरेशन थिएटर. स्थिर झालेल्या रुग्णासाठी सीटीसारखं दुसरं साधन नाही, हेही तितकंच खरं. तुमच्या भावाला तासाभराने नेलं, म्हणजे तोवर तो स्थिर झाला होता. त्याआधी ती समोरची खोलीही त्याच्यासाठी जवळ नव्हती.

सलाईन. हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनाही तेच शिकवलं होतं: दोन मोठ्या सुया, दोन लिटर, धडाधड. सलाईन गेलेल्या रक्ताची जागा भरते, पण ऑक्सिजन वाहत नाही आणि गुठळीही बांधत नाही. उलट उरलेलं रक्त पातळ करते, शरीर गार करते, आणि बीपी वर रेटून नुकती बसलेली गुठळी उखडते. गारठा, आम्लता आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना खेचत रुग्णाला खाली नेतात. 1994 साली धडाला भोसकलेल्या किंवा गोळी लागलेल्या 598 रुग्णांवरचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेपर्यंत द्रव रोखून धरलेल्यांपैकी 70 टक्के जगले, आधीच देत गेलेल्यांपैकी 62 टक्के. आता सर्वसाधारणपणे एक लिटरपर्यंत थांबतात, आणि गरज असेल तर लवकर रक्त, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), प्लेटलेट (गुठळी बांधणाऱ्या पेशी) जवळपास सारख्या प्रमाणात, सोबत कॅल्शियम. एकच मोठा अपवाद डोक्याच्या माराचा. तिथे कमी बीपी चालवून घेता येत नाही, सुजलेल्या मेंदूला रक्त ढकलायला दाब लागतो.

कपडे कापण्याबद्दल एवढंच: पाठीवरची, काखेतली, जांघेतली जखम त्याशिवाय सापडत नाही. पण बघून झालं की लगेच उबदार पांघरूण घालणं हा त्याच पायरीचा अर्धा भाग आहे. तो उघडा कुडकुडत पडला होता असं तुम्ही म्हणता. ते चुकलं.

‘गोल्डन अवर’वरचा तुमचा टोला मला लागला, आणि तो लागायलाच हवा होता. हा शब्द बाल्टिमोरच्या आर. अॅडम्स काउली या सर्जननी रूढ केला. लोकांना घाई कळावी म्हणून तो उपयोगी पडला, पण साठाव्या मिनिटाला काही दार बंद होतं असं दाखवणारा भक्कम अभ्यास त्यामागे नाही. कोणाकडे पाच मिनिटं असतात, कोणाकडे पाच तास. लेखातून तो शब्द मी आज काढला आहे. खरं घड्याळ हवंच असेल तर ते ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचं आहे. 2010 च्या क्रॅश-2 चाचणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. या स्वस्त औषधाने मृत्यूचं प्रमाण 16 वरून 14.5 टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची फोड केल्यावर दिसलं की रक्तस्रावाने होणारे मृत्यू पहिल्या तीन तासांत दिलं तर घटतात, त्यानंतर दिलं तर वाढतात. तुमच्या भावाला ते दिलं का आणि किती वाजता, हे विचारण्यासारखं आहे.

‘पाठ केलेला मंत्र’ या तुमच्या शब्दांबद्दल एक सांगायचं राहिलं. 1976 च्या फेब्रुवारीत जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यविशारद स्वतः चालवत असलेलं विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जबर जखमी झाली. जवळच्या रुग्णालयात मुलांवर जे उपचार झाले ते बघून त्यांना वाटलं की शेतात आपण हाताशी काही नसताना याहून बरं करत होतो. त्या संतापातून 1978 मध्ये पहिला प्रशिक्षण वर्ग झाला, आणि आज जगभर शिकवला जाणारा हा क्रम आला. तो रचणारा माणूस त्या रात्री तुमच्याच जागी उभा होता, जखमींचा नातेवाईक म्हणून.

तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात जास्त बोचलेलं वाक्य वैद्यकीय नाही: ‘काय चाललंय हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही.’ एका नर्सने बाहेर येऊन ‘छातीत हवा कोंडली आहे, आधी ती सोडतोय, मग पाय बघतो’ एवढं म्हटलं असतं, तर ती पंचवीस मिनिटं तुम्ही वेगळी भोगली असती. याला वीस सेकंद लागतात. माझ्या लेखात या वीस सेकंदांचा उल्लेख नव्हता. आता आहे.

शेवटी एक सुचवतो. भावाच्या केसपेपरची पूर्ण प्रत मागा. त्यात नळी घातल्याची वेळ, स्प्लिंट लावल्याची वेळ, पावलाची नाडी तपासल्याची नोंद, प्रत्येक बीपीच्या शेजारची नाडी आणि त्या वेळी हजर असलेल्यांच्या सह्या बघा. नळीनंतर तो सावरला, हाताशी माणसं होती, तरीही पाय तसाच पडून राहिला असं त्यातून दिसलं, तर तुमची तक्रार रास्त आहे. ती लिहायला मी तुम्हाला मदत करीन. नावं आणि ओळख झाकून कागद पाठवा, मी ओळीनं वाचून कळवतो.