नोटर डेम फुटबॉलच्या आधीपासून उभं आहे

लेख मन लावून वाचला. पण अमेरिकेतलं नोटर डेम विद्यापीठ मोठं झालं ते अमेरिकन फुटबॉलच्या जोरावर, हे त्यातलं म्हणणं मला अर्धंच पटतं.

१८४२ च्या नोव्हेंबरात फादर एडवर्ड सोरिन हे २८ वर्षांचे फ्रेंच धर्मगुरू होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाच्या मोजक्या ब्रदरांसह इंडियाना राज्यातल्या तळ्याकाठी पोचले. जेमतेम सव्वा वर्षात, जानेवारी १८४४ मध्ये, विद्यापीठासाठी राज्याची सनद हातात आली!

मला सगळ्यात भिडते ती एप्रिल १८७९ मधली आग. मुख्य इमारत काही तासांत खाक. सोरिन तेव्हा पासष्टीचे. आयुष्यभराची मेहनत राख झालेली पाहूनही ते खचले नाहीत. आधीपेक्षा मोठी इमारत बांधायची ठरवली. उन्हाळाभर मजूर राबले, पिवळसर विटांचे थर चढत गेले आणि सप्टेंबरात वर्ग भरलेसुद्धा. आज ज्याचे फोटो सगळे काढतात तो सोनेरी घुमट याच इमारतीवर नंतर चढला.

फुटबॉलने नाव घरोघरी नेलं, ते खरंच. पण विद्यापीठ म्हणून त्याला खरं वजन आलं ते विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या ३५ वर्षांच्या कारकिर्दीत. १९६७ मध्ये धर्मसंघाकडचा कारभार सामान्य नागरिकांचाही समावेश असलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोपवला, १९७२ मध्ये मुलींना पदवीसाठी प्रवेश खुला केला. धर्मसंघाने स्वतःच्या हातातली सत्ता आपण होऊन सोडावी, ही केवढी मोठी गोष्ट! लेखात त्याला एकच ओळ मिळाली, याची खरंच चुटपुट लागली. हेसबर्ग यांच्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.