कैदेत मेलेल्याचं नाव पाटीवर घालायचं का? तिठ्यावरचा राडा

शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, गावातून इतके गेले, इतके मेले, बस. नाव एकाचंही नाही. आता शाळेचं नवीन बांधकाम निघालंय, पाटी काढणार आणि नवी बसवताना नावं घालणार असं ठरतंय. बाबल्या म्हणतो माझ्या पणजोबांचं नाव आलंच पाहिजे, आणि त्यावरून परवा तिठ्यावर जो काय राडा झाला तो लिहितोय.

सुरुवात सत्याने केली. "अरे ते लढाईत कुठे पडले? शरण गेले आणि कैदेत मेले. तिकडे रायगडातल्या माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा आहे बघ, १९४४ ला इटलीत एकटे मशीनगनवर धावून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजारी पडून मेलेल्याला पण तोच मान?"

बाबल्याचं टाळकंच फिरलं. "मेल्या, शरण जावचो हुकूम काय माझ्या पणज्यान दिल्यान?"

मुद्दा बरोबर होता. पणजोबा मराठा पलटणीत, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, कुट-अल-अमाराला १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी इंग्रज जनरल टाउनशेंडच्या हाताखाली अडकलेल्या. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, १४७ दिवस. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, पण आपल्या लोकांनी बरेच दिवस त्याला हात लावला नाही, धर्म बुडेल, घरी गेल्यावर वाळीत टाकतील म्हणून, आणि तोवर हिरड्या सुजून उभं राहायचं त्राण नव्हतं. २९ एप्रिल १९१६ ला साहेबाने हत्यारं टाकली, साधारण १३,००० माणूस तुर्कांच्या ताब्यात गेला. साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर ऐषआरामात राहिला आणि शिपाई उपाशीपोटी उन्हातून बगदाद, मोसुल, रास अल-ऐन असे चालवत नेले, जे वाचले त्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं.

हवालदारकाका (बेळगावच्या मराठा सेंटरला ट्रेनिंग झालेले, त्यामुळे पलटणीचा विषय निघाला की त्यांना कोणी मधे तोडत नाही) एवढंच बोलले, "लढ म्हटल्यावर लढला, हत्यार ठेव म्हटल्यावर ठेवलं. त्याचं चुकलं काय ते सांग."

सत्या कसला ऐकतोय, लगेच दुसरं काढलं, इंग्रजांच्या चाकरीत मेला, आपल्याला काय त्याचं. बाबल्या म्हणाला, "मगे तुझो आजो रेल्वेत होतो तो काय शिवाजी महाराजांच्या?" यावर सगळेच हसले, सत्या पण.

तेवढ्यात अण्याने मोबाईलवर बसऱ्याच्या स्मारकाचं काढलं. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बांधलेलं, पण तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदुस्थानी शिपायांचे पलटणीवार नुसते आकडे. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केलाय. मला विचाराल तर आपल्या शाळेची पाटी त्याच जातीची. 'मेले' त्या आकड्यात कैदेतला माणूस धरलेला असणारच ना, मग इंग्रजांनी आकड्यात मोजला त्याला आपण नावातून गाळायचं हे कुठलं शहाणपण?

बाबल्याच्या घरातलं मला माहीत होतं, आमच्या आजीने सांगितलेलं. बेपत्ता म्हणून तार आलेली, त्यामुळे त्याच्या पणजीने कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं वाट बघितली, मग भटजींनी दर्भाचा पुतळा करून घेतला, तो खळ्यात ठेवून त्याच्यावर संस्कार केले आणि जाळला, आणि तेव्हा कुठे बांगड्या फुटल्या. हे मी बोललो तर सत्या जरा नरमला, पण हरेल तर सत्या कसला. "ठीक आहे, घाला नाव. पण पुढे 'तुर्कांच्या कैदेत मृत्यू' असं लिहायचं. खोटं नको."

काका म्हणाले लिहा की, लपवायचंय काय. मला पण पटलं. अडला तो बाबल्याच! म्हणतो बाकीच्यांच्या पुढे काहीच नाही आणि आमच्याच माणसाच्या पुढे 'कैदेत', लोक वाचून काय म्हणतील. अण्याने सुचवलं की मग सगळ्यांच्याच पुढे कुठे आणि कसा मेला ते लिहू, कमिशनच्या नोंदीत बऱ्याच जणांच्या बापाचं नाव आणि गाव पण सापडतं. सत्या तयार आहे. बाबल्याने अजून हो म्हटलेलं नाही, ग्रामसभेत बोलतो म्हणाला.