वाळवणाची राखण

चैत्र लागला की नोकरीसाठी शहरात गेलेल्या माणसाला गावाकडचा उन्हाळा आठवायला लागतो, आणि आठवतो तोही निवडून निवडून. नव्या माठातलं पाणी आणि त्याला येणारा मातीचा वास. कोय धरायच्या आतली कैरी, जी विळीवर आरपार चिरते. दारातल्या कडुनिंबाचा मोहोर, मोगऱ्याची पहिली फुलं, रात्री स्लॅबवर टाकलेली अंथरुणं. या यादीत कुठंही काम नसतं. काम विसरायची सोय डोक्यानं आपण होऊन करून ठेवलेली असते, नाहीतर रजा टाकून कुणी गावाला गेलंच नसतं.

आमचं गाव माणदेशातलं, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. इथं पाऊस सोडला तर बाकी सगळं वेळेवर येतं, आणि ऊन तर वेळेच्याही आधी. पाडवा झाला की एवढं ऊन फुकट चाललंय या विचारानं गावातल्या बायकांची झोप उडते. स्लॅब, पत्रा, अंगणातली बाज, जे मोकळं दिसेल त्यावर काहीतरी वाळत पडलंच पाहिजे. मिरच्या, फोडलेल्या चिंचा, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चकल्या आणि या सगळ्यांची महाराणी कुरडई. अशा घरात एखादा धडधाकट माणूस नुसता बसलेला दिसला तर त्यालाही उचलून उन्हात टाकतात. मला टाकलं.

खरं म्हणजे मी लॅपटॉप घेऊन आलो होतो. पडवीत बसून ऑफिसचं काम उरकायचं, मधूनमधून कैरीला तिखटमीठ लावायचं, असा बेत होता. आज्जीनं माझं काम थोडा वेळ न्याहाळलं.

"ह्ये बसूनच करायचं आसतंय न्हवं?"

"हो."

"मग वर जाऊन बस की. बसायचं ते बसायचंच. कावळं तेवढं हाकल."

याला उत्तर नाही. मी काठी, टोपी, पाण्याची कळशी आणि लॅपटॉप घेऊन वर गेलो. उन्हात लॅपटॉपच्या पडद्यावर स्वतःच्या घामेजलेल्या तोंडाशिवाय काही दिसत नाही. त्यातच मीटिंग लागली आणि साहेबांनी कॅमेरा चालू करायला सांगितलं. माझ्या मागं पसरलेलं ते पांढरं काय आहे, असं त्यांनी जरा काळजीनं विचारलं. कुरडया, म्हणालो. त्यानंतर तिमाहीच्या आकड्यांचा विषय निघालाच नाही. साहेबांच्या सासूबाई सोलापूरकडच्या, त्यांच्या कुरडया कशा हातभर फुलायच्या, आता कशा विकतच्या खाव्या लागतात, हे सगळं झालं आणि शेवटी, "येताना आणाल थोड्या?" आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, तुजं काम वर बसल्यावरच झालं का न्हाय?"

कुरडई किती छळते हे खाणाऱ्याला कधी कळत नाही. गहू तीन दिवस भिजत ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घराला असा आंबूस वास सुटतो की पाहुणा उंबऱ्यावरूनच "येतो परत" म्हणतो. मग तो गहू वाटायचा, पिळायचा, गाळायचा, चोथा वेगळा काढायचा (त्याच्याही भुसवड्या होतात, या घरात फेकून फक्त माणसाचा वेळ देतात) आणि चीक रात्रभर खाली बसू द्यायचा. पहाटे वरचं निवळ पाणी ओतून टाकायचं, चुलीवर हिंग-मीठ घातलेलं पाणी उकळायला ठेवायचं आणि त्यात चीक सोडून हाटायचा. याला तीन माणसं लागतात. एक हाटायला, एक पातेलं धरायला आणि एक "गाठी हुत्यात, गाठी हुत्यात" असं ओरडायला. ओरडायची जागा काकूकडं वंशपरंपरेनं आलेली असल्यामुळं माझ्या वाट्याला हाटणं आलं.

लाटणं पातेल्यात उभं धरून फिरवायला लागलं की पहिल्यांदा वाटतं, यात काय एवढं. मग पांढरा चीक हळूहळू पारदर्शक व्हायला लागतो, घट्ट येतो आणि लाटणं जागचं हलेनासं होतं. त्याच वेळी त्याला बुडबुडा येतो, तो फुटतो आणि मनगटावर बरोबर जिथं घड्याळ नसतं तिथं येऊन चिकटतो. पातेलं सोडता येत नाही, हात झटकता येत नाही आणि शिवी द्यावी तर समोर आज्जी. तिनं ओलं बोट लावून पाहिलं, बोटाला चीक चिकटला नाही, तेव्हा माझी सुटका झाली. पण लगेच तिनं ताटलीत गरम चीक वाढला, त्यावर शेंगतेलाची धार सोडली आणि मी चुलीजवळच खाली बसलो. बाहेर अजून उजाडायचं होतं. तो पहिला घास घेताना कुणी माझ्यापुढं राजीनाम्याचा कागद धरला असता तर मी न वाचता सही केली असती.

चीक गरम आहे तोवर कुरडया घालाव्या लागतात आणि त्यासाठी सोऱ्या लागतो. आमच्या गल्लीत सोरे घरटी आहेत, पण धड चालणारा एकच. जाडजूड, पितळी, कुणाच्या तरी पणजीच्या रुखवतातला. नक्की कुणाच्या पणजीच्या, यावर दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, तरी सोऱ्याची देवाणघेवाण चालू आहे. उन्हाळाभर तो या घरातून त्या घरात फिरत असतो. त्याच्यामागून बायकाही फिरतात, कारण हे सगळं काम सावडीनं चालतं. आज आमच्याकडं, उद्या शेजारी, परवा वरच्या आळीला. पापडाच्या दिवशी तर प्रत्येकजण आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून येते. मजुरी म्हणजे चहा, तेलात बुडवून खाल्लेल्या उडदाच्या लाट्या आणि हजर नसलेल्या बाईविषयीची ताजी माहिती.

आता राखणीचं. कावळ्याची या प्रकरणात नाहक बदनामी झालेली आहे. आमचा कावळा आला, बुजगावणं म्हणून काठीला बांधलेल्या काळ्या फडक्यावर आरामात बसला, एक कुरडई उचलून शेजारच्या स्लॅबवर टाकली आणि गेला. खाल्ली नाही. त्याला दोन घरांत भांडण हवं होतं, कुरडई नको होती. त्याच्याहून त्रास शेळीचा. जिन्याला दार नाही आणि शेळीला पायऱ्या चढता येतात, हे आमच्या घरात दर उन्हाळ्याला नव्यानं उघडकीला येतं. पण खरा शत्रू शाळा सकाळची झाल्यापासून दुपारी मोकळा असतो. माझी पुतणी वर येते, माझ्यासमोर एक कुरडई मोडते आणि तोंड बारीक करून विचारते, "काका, ही मोडलेली आहे, खाऊ?"

तिला रागावायचा नैतिक अधिकार माझ्याकडं नव्हता. कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो ते फार तुच्छतेनं म्हणतो. पण भर चैत्रात दुपारी तापलेल्या स्लॅबवर उभं राहायचं आणि शेतही खायचं नाही, तर कुंपणानं ही नोकरी करावी कशासाठी? तळून फुललेली कुरडई सणावारी, पाहुण्यारावळ्यांसाठी. जाणकारानं खायची ती पहिल्याच दिवशी, ऊन जरा कललं म्हणजे, वरून कडक झालेली आणि आतून अजून चीक असलेली. दातांखाली आधी कट्कन मोडते आणि मग चिवट होते. दुसऱ्या दिवशी ती नुसती वाळलेली कुरडई. ती काय, दुकानातही मिळते.

अडचण अशी की आज्जी ओळी मोजते. सबंध कुरडई उचलायची सोय नाही. पण कड ती मोजत नाही. सोऱ्यातून चीक गोल गोल पडतो आणि हात उचलताना शेवटचा वळसा जरा बाहेर सुटतो, प्रत्येक कुरडईला असा एक शेंडा असतो. तो चिमटीत धरून हलकेच मोडायचा. एकीचा एकच. कुणा एकीवर अन्याय होत नाही, कुरडईचं रूप बिघडत नाही आणि स्लॅबला एक फेरी मारली की मूठ भरते. शेजारच्या मावशीनंही, "माज्या बी जरा बघ रं बाबा," म्हणून सांगून ठेवलं होतं. त्यांचा स्लॅब आमच्या स्लॅबला लागून. तिच्याही बघितल्या.

स्लॅबवरच्या झोपेचंही सांगायला हवं, कारण शहरात याच गोष्टीचा गवगवा फार. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. संध्याकाळी पाण्याच्या बादल्या ओतल्या तर वाफ येते आणि काकू म्हणते पाणी वाया घालवलंस. पाठ भाजली की पालथं व्हायचं, पोट भाजलं की उताणं. वर चांदण्या असतात, पण त्यांच्याकडं बघायला पाठ एका जागी राहिली पाहिजे. पहाटे मात्र एकदम गार वारं सुटतं आणि पायथ्याला लाथाडलेली वाकळ सगळ्यांना एकाच वेळी आठवते. वाकळी माणसांहून एकनं कमी असतात, मोजल्या नाहीत तरी. त्या वाऱ्यात, अर्ध्या वाकळीत, मोहोराच्या वासात डोळा लागतो न लागतो तोच खालून हाक येते, "उठा, उनं आली, वाळवण पसरायचंय." उनं आलेली नसतात. आज्जीचं ऊन सूर्याच्या आधी निघतं.

मग आली शिखर शिंगणापूरची यात्रा. चैत्र शुद्ध द्वादशीला माणसं कावडी खांद्यावर घेऊन मुंगी घाटाचा उभा कडा चढतात, सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड मानाची. चढताना देवाला हाक मारतात ती अगदी अरेतुरेत, "म्हाद्या धाव, मला पाव!" आमचं अख्खं घर ट्रॉलीत बसून निघालं. निम्मी गल्लीही त्याच ट्रॉलीत. मी पायात चप्पल घालेपर्यंत आज्जी म्हणाली, "तुज्या वाटणीचा नमस्कार म्या घालती. तू वाळवणाकडं बघ." म्हणजे शंभू महादेवाच्या दर्शनालाही बदली चालतो, कुरडईच्या राखणीला चालत नाही.

दुपारपर्यंत ऊन असं होतं की कावळाही फिरकला नाही. मग वारा पडला. झाडाचं पान हलेना. मी अंगरखा काढून, मुठीतले शेंडे खात, आभाळाकडं बघत होतो तर डोंगरामागून काळं काहीतरी वर येत होतं. मोबाईलवर हवामान पाहिलं, तिथं स्वच्छ पिवळा सूर्य. वर पाहिलं, अंधार. मोबाईलवर विश्वास ठेवावा असं फार वाटत होतं. तेवढ्यात धुळीचा लोट आला, माझी टोपी आणि काळं फडकं बरोबरच गावाबाहेर गेलं आणि टपोरा थेंब लॅपटॉपवर पडला.

वळवाच्या पावसाला गावभर बोंब मारावी लागते. मला ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही. मी कठड्याशी उभा राहून पूर्ण ताकदीनं ओरडलो, "म्हाद्या धाव!" महादेव त्या वेळी शिंगणापुरात कामात असणार. पण पलीकडची लंगडणारी आजी, तिची सून, क्रिकेट खेळणारी पोरं आणि बँकेचे हप्ते मागायला आलेला एक अनोळखी माणूस, सगळे धावले. कोण कुणाच्या स्लॅबवर चढलं याला हिशेब राहिला नाही. साड्या चारी टोकांनी उचलल्या, परातीत, टोपल्यात, एकानं तर हेल्मेटमध्ये भरून, गल्लीतलं सगळं वाळवण आमच्या सोप्यात आणून ओतलं. मी आधी कुरडया उचलल्या आणि मग लॅपटॉप. पावसानं एवढं करून मोजून धूळ बसवली आणि गेला. लगेच ऊन. बँकेचा माणूस चहा पिऊन, हप्त्याचं न बोलता निघून गेला.

रात्री ट्रॉली परत आली. गुलाल माखलेल्या बायका सोप्यात शिरल्या आणि ढिगाऱ्यापुढं थबकल्या. कीस, चकल्या, सांडगे यांची वाटणी पटकन झाली. कुरडया राहिल्या. आता हा पेच बघा. आपली कुरडई ओळखायची ती सोऱ्याच्या चकतीवरून, आणि सोऱ्या सगळ्या गल्लीत एकच. रंगावरून ओळखावी तर ऊनही सगळ्यांचं एकच. मिठावरून ओळखू म्हणून एक मोडून सगळ्यांनी चाखली, तर ती प्रत्येकीलाच आपली वाटली. आणखी दोन मोडल्या. आवाज चढू लागले. सोऱ्याच्या मालकीचा जुना विषय निघायच्या बेतात होता.

आज्जीनं आधी देवाचा प्रसाद वाटला. मग खाली बसून एक कुरडई उचलली, दिव्याकडं धरली, फिरवली, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. मग भराभरा निवडायला लागली.

"ह्या आमच्या."

"कशावरनं, आत्ती?"

"शेंडं बघा की. हाय का शेंडा एकीला तरी?"

सगळ्या जणी कुरडयांकडं बघायच्या सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. निकाल मात्र कुणाला खोडता येईना. बिनशेंड्याच्या आमच्या, शेंड्याच्या बाकीच्यांच्या, असा ढीग भराभर वेगळा झाला. प्रत्येकीनं आपापलं टोपलं उचललं. शेजारच्या मावशीचं टोपलं तेवढं रिकामं राहिलं. तिनं ते दोनदा तिरकं करून पाहिलं आणि मग आमच्या ढिगाकडं पाहिलं. यंदा आमचा ढीग अंमळ मोठाच होता.