पोट कापून घेण्याआधी काय विचारू नये

वजन कमी करायचं ऑपरेशन ठरवलंत? उत्तम. आता एकच पथ्य पाळा: डॉक्टरांना काही विचारू नका. विचारायला माणसं कमी आहेत का? सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, जिमचा ट्रेनर आहे, वहिनींच्या माहेरचा तो मेहुणा आहे ज्याने मागच्या वर्षी ‘चरबी काढून घेतली’. आता चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, आणि तुमचं होणार आहे ते जठराचं ऑपरेशन. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण एवढ्या बारकाव्यात शिरलात तर मेहुणा नाराज होईल. लठ्ठपणा एक वेळ जाईल, मेहुण्याची नाराजी जात नाही.

मी पहिल्या भेटीला वही घेऊन गेलो होतो. आत घरच्या सगळ्यांचे प्रश्न शिस्तीत उतरवलेले. एसी खोली मिळेल का? सोबत दोघं राहिले तर चालतील का? पितृपंधरवड्याच्या आत उरकेल का? दिवाळीच्या फराळाचं काय? डाग दिसतील का? सर्जन भला माणूस, एकेकाचं उत्तर देत गेले. दुर्बिणीतून करतात, बारीक छिद्रं असतात, डाग फिके होतात. शेवटी त्यांनी विचारलं, “आणि ऑपरेशनबद्दल काही?” मी वही पुढून मागून चाळली. तेवढं राहिलं होतं.

कोणतं ऑपरेशन, असं कुणी विचारलंच तर ‘गडकरींनी केलं ना, तेच’ असं ठणकावून सांगावं. नितीन गडकरींनी ते २०११ मध्ये करून घेतलं, म्हणजे चांगलंच असणार. स्लीव्ह की बायपास, हा तपशील सर्जनवर सोडा. एकात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात आणि उरतं ते साधारण केळ्याच्या आकाराचं. काढलेला भाग परत बसवता येत नाही. शिंप्याकडे दाबून घेतलेला सदरा पुन्हा उसवता येतो, तशी सोय इथे नाही. दुसऱ्यात जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची थैली करतात, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि ती पुढच्या लहान आतड्याला जोडून देतात. दोन्हींचे फायदे वेगळे, दुखणी वेगळी. पण हॉटेलात आपण ‘जे चांगलं असेल ते द्या’ म्हणतोच की.

‘मला पित्त आहे’ हे तर मुळीच सांगू नका. पित्त कुणाला नसतं? मराठी माणसाच्या आधार कार्डावर जन्मतारखेखाली पित्ताचा रकाना हवा होता. आता स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते, नव्यानेही सुरू होऊ शकते, म्हणून जुनाट पित्तवाल्याला सर्जन बऱ्याचदा बायपास सुचवतात, आधी दुर्बीण घालून जठर बघतात. ही सगळी कटकट टळते, तुम्ही फक्त गप्प बसायचं. मिसरी, तंबाखू, सिगारेट यांच्याबद्दलही तेच धोरण ठेवा. बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचं ते मोठं कारण आहे, म्हणूनच तर सांगायचं नाही. सांगितलं की सोडा म्हणतील. गुडघेदुखीची गोळी न विचारता घेण्याची सवयही झाकून ठेवा, तीही त्याच जोडावर उठते.

ऑपरेशनची मला गरज आहे का, हा प्रश्न विचारून स्वतःचा अपमान करून घेऊ नका. आरसा आहे ना घरात! डॉक्टर मात्र आकडे मांडत बसतात: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, तो बीएमआय. २०२२ मध्ये या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेची आणि एक आंतरराष्ट्रीय, सांगितलं की ३५च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, आणि आशियाई लोकांसाठी २७.५च्या वरच विचार करावा, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर गाठते. विमा कंपनीची फूटपट्टी वेगळी. तिथे बीएमआय ४०, किंवा ३५ आणि जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, औषधांना न जुमानणारा मधुमेह असलं काही लागतं. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी लठ्ठ आणि कंपनीच्या लेखी सडपातळ, असा दुर्मीळ योग तुमच्या कुंडलीत असू शकतो. तो आधी फोन करून तपासू नका. अॅडमिट व्हायच्या दिवशी, उपाशीपोटी, कॅशलेसच्या खिडकीपुढे कळण्यात जी मजा आहे ती वेगळीच.

‘किती वजन उतरेल?’ हे विचारायला हरकत नाही. ‘साठ-सत्तर टक्के’ असं उत्तर ऐकलं की लगेच उठा. कशाचे टक्के, हे विचारायला थांबलात तर आनंदावर विरजण पडेल. ते टक्के जादा वजनाचे असतात. तुमचं १२० किलो, असायला हवं ६५, तर जादा ५५. त्याचे साठ टक्के म्हणजे ३३. तुम्ही ८७ वर येणार. तब्येतीच्या दृष्टीने हा फार मोठा पल्ला आहे, शुगर आणि बीपीच्या गोळ्या कमी होतात, कित्येकांच्या काही काळ सुटतातही. पण तुम्ही अख्ख्या १२०चे साठ टक्के उतरवून ४८ किलोच्या हिशोबाने लग्नातला कोट कपाटातून काढून ठेवला होता, त्याचं काय करायचं?

आणि नंतरचं तर विचारूच नका. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, गोळ्या जन्मभर. जठर छाटलं किंवा वळसा घालून आतडं जोडलं की बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि आपण शाकाहारी मंडळी त्यात आधीच कंगाल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. बायपासनंतर गोड खाल्लं तर कुणाकुणाला घाम, धडधड आणि गरगर, हे सगळं एका जिलबीत. दारू भराभर चढते. काही जण याला फायदा समजतात. बायकांना साधारण दीड वर्ष दिवस जाऊ न देण्याचा सल्ला देतात, आणि इथे सासूबाई ‘वजन उतरलं की लगेच’ म्हणून वाट बघतायत. आधीपासून शुगरची इंजेक्शनं चालू असतील तर ऑपरेशननंतर काही दिवसांतच डोस उतरवावा लागतो. तो कोण उतरवणार, सर्जन की तुमचे फॅमिली डॉक्टर? दोघंही म्हणतील, “मला वाटलं ते बघतायत.”

खरं तर मला वहीत लिहून न्यायला हवं होतं: डॉक्टर, तुमच्या हातून अशी किती झाली, आणि त्यातल्या किती जणांना टाका गळतोय म्हणून परत टेबलावर घ्यावं लागलं? दोन वर्षांनी किती जण तपासणीला येतात? रात्री दोनला ताप भरला तर फोन कोण उचलणार? आपल्याला असं विचारायची लाज वाटते. भाजीवाल्याची भेंडी आपण एकेक मोडून बघतो, सर्जनपुढे मात्र मान खाली. मीही घातली. ते रागावतील असं वाटलं होतं; नंतर कळलं, ते वाट बघत होते.

वजन पुन्हा वाढतं का? वाढू शकतं, पण हे तुम्ही विचारू नका, तुमचं पोट स्वतः शोधून काढेल. भाकरीचे चार घास अडकतात. बासुंदी, आइस्क्रीम, मिल्कशेक कसे सुरळीत उतरतात! केळ्याएवढ्या जठराला घन आणि द्रव यातला फरक कळतो, कॅलरीतला नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी मला हे सांगितलं, मी मान डोलावली, आणि मनात आंब्याच्या रसाचे महिने मोजले.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या बुटक्या पेल्यातून घोट घोट पाणी, पुढचे दोन आठवडे नुसतं पातळ. संध्याकाळी आत्या आली. तिने डबा उघडला तसा साजूक तुपाचा, वेलचीचा वास खोलीभर पसरला. नर्स ओरडली, “आजी, यांना जेवण बंद आहे!”

“जेवण कुठे आणलंय?” आत्या म्हणाली. “शिरा आहे. उघड तोंड.”